पुरुषांसाठी एचआयव्ही समुपदेशन : केंद्रात नेमके काय होते आणि कशाचा उपयोग होतो

ग्रामीण रुग्णालयात केस पेपरच्या खिडकीपासून थोड्या अंतरावर एक लहान खोली असते. दारावर लाल फितीचे चिन्ह आणि ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ अशी पाटी असते. लोक तिला ‘आयसीटीसी’ म्हणतात. गरोदर महिला इथे नियमित येतात, कारण पहिल्या तपासणीतच त्यांची एचआयव्ही चाचणी केली जाते. पुरुषांच्या बाबतीत अशी ठरलेली वेळ नसते. अंगात कसकस राहिली, वजन उतरले, टीबी निघाला किंवा बायकोचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, की मग नवऱ्याला बोलावणे जाते. तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो. त्या खोलीत काय विचारतात, कोणती पद्धत उपयोगी पडते आणि कायदा काय संरक्षण देतो, याची ही माहिती.

पुरुषांवर लक्ष का?

भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये आढळले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था (नाको) १९९२ मध्ये स्थापन झाली. नाकोच्या २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्यांपैकी सुमारे ३ लाख ९४ हजार महाराष्ट्रात होते. ही संख्या कोणत्याही राज्यापेक्षा जास्त आहे.

यात महिलांचा वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक आहे आणि त्यांच्यातील अनेकींना संसर्ग पतीकडून झालेला असतो. ही गोष्ट पुण्याच्या अभ्यासाने फार आधी दाखवून दिली होती. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या महिलांची तपासणी झाली. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. देहविक्रीशी काही संबंध नसलेल्या महिलांमध्येही एचआयव्हीचे प्रमाण १३.६ टक्के निघाले. या महिला लैंगिक आजाराची तक्रार घेऊन आलेल्या होत्या, त्यामुळे हा आकडा सर्वसामान्य महिलांना लागू होत नाही. पण घराबाहेर न गेलेल्या बाईपर्यंत विषाणू घरातूनच पोहोचतो, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणून पुरुषाशी झालेले एक नीट समुपदेशन हे त्याच्या एकट्याचे काम राहत नाही. त्याची पत्नी आणि होणारे मूल यांचेही रक्षण त्यातून होते.

उपदेश आणि समुपदेशन यात फरक काय?

‘बाहेरख्याली सोडा, निरोध वापरा, नीट वागा’ हा उपदेश झाला. तो एसटी स्टँडवरच्या फलकावर लिहूनही देता येतो. समुपदेशनात सुरुवात प्रश्नाने होते आणि बोलण्याचे जास्त काम समोरचा माणूस करतो. समुपदेशकाला चार गोष्टी साधायच्या असतात : माणसाला स्वतःचा धोका कळावा, तो कमी करण्याचा त्याला जमेल असा मार्ग निघावा, चाचणीचा निकाल पेलण्याची तयारी व्हावी आणि पुढच्या उपचाराशी तो जोडला जावा.

प्रश्न विचारण्याची रीत महत्त्वाची ठरते. ‘तुम्ही बाहेर जाता का हो?’ असे विचारले, की उत्तर ‘छे, छे’ असेच येणार. त्याऐवजी ‘दादा, कामानिमित्त घरापासून लांब किती दिवस राहता? तिथे सोबत कोण असतं? दारू घेतल्यावर निरोधचं लक्षात राहतं का?’ असे विचारले, तर बोलणे पुढे सरकते. अनुभवी समुपदेशक ‘बायको’ किंवा ‘बाई’ असे आधीच गृहीत न धरता ‘जोडीदार’ हा शब्द वापरतात. जोडीदार पुरुष असेल, तर तेही सांगायला मग वाट राहते. ‘चांगला’, ‘वाईट’ असे शेरे या खोलीत मारायचे नसतात. एकदा शेरा ऐकला, की माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

चाचणीआधी आणि चाचणीनंतर

चाचणी मोफत असते आणि माणसाची संमती घेऊनच केली जाते. रक्त घेण्याआधी समुपदेशक चाचणी कशाची आहे, निकालाचा अर्थ काय आणि माहिती गुप्त कशी राहते हे सांगतात. एचआयव्ही असुरक्षित लैंगिक संबंध, बाधित रक्त, दूषित सुई आणि बाधित आईकडून बाळाला या चारच मार्गांनी पसरतो. एका ताटात जेवल्याने, हस्तांदोलनाने, डास चावल्याने किंवा एकाच विहिरीत पोहल्याने तो होत नाही. हे अजूनही सांगावे लागते.

पहिल्या तपासणीत दोष दिसला, तर तेवढ्यावर निदान दिले जात नाही. वेगवेगळ्या प्रकारच्या तीन चाचण्यांचे निकाल जुळल्यावरच माणसाला पॉझिटिव्ह ठरवतात.

निगेटिव्ह निकाल आला, की बहुतेक पुरुष ‘सुटलो’ म्हणून उठतात. खरे समुपदेशन इथेच हुकते. संसर्ग झाल्यानंतर काही काळ तो चाचणीत दिसत नाही. या मधल्या काळाला ‘विंडो पिरियड’ म्हणतात. म्हणून नुकताच धोका घडला असेल, तर तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करायला सांगतात. या वेळचा निकाल निगेटिव्ह आहे, म्हणजे पुढच्या वेळचाही तसाच येईल याची हमी नसते. निगेटिव्ह माणूस निगेटिव्ह राहावा, हेच या भेटीचे उद्दिष्ट असते.

आयुष्याला बसणारा आराखडा

समजा, तालुक्यातील एक तरुण सेंट्रिंगच्या कामाला पुण्याकडे जातो. दोन-अडीच महिन्यांनी गावी येतो. शनिवारी पगार झाला, की खोलीवरची मुले मिळून दारू पितात आणि नंतर त्यांतली काही वस्तीत जातात. ‘आजपासून बंद’ असे त्याच्याकडून वदवून घेतले, तर तो मान हलवील आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच घडेल.

त्याऐवजी समुपदेशक त्याच्यासोबत मागचा प्रसंग मांडून बघतात. निरोध नव्हता, की होता पण वापरला नाही? पिण्याआधी ठरवले होते, की नंतर? कोण सोबत होते? मग एक-दोन लहान पावले त्यानेच ठरवायची. पगाराच्या दिवशी अर्धी रक्कम आधीच घरी पाठवायची. निरोध पाकिटात नव्हे, तर बॅगेत ठेवायचा, कारण खिशातल्या पाकिटात तो उष्णतेने आणि घासून खराब होतो. प्यायलो असेन त्या दिवशी जायचे नाही. पुढच्या भेटीत यातले काय जमले आणि काय नाही, यावर बोलायचे. नाही जमले तरी त्याला रागवायचे नसते. अडचण कुठे आली ते शोधून आराखडा बदलायचा असतो.

निरोध कसा वापरायचा हे केंद्रात प्रतिकृतीवर दाखवले जाते. पाकिटावरची मुदत बघणे, दातांनी पाकीट न फाडणे, टोकाची हवा काढणे, एका वेळी एकच वापरणे आणि प्रत्येक वेळी नवा घेणे या साध्या गोष्टी असतात. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावल्यास रबराचा निरोध फाटू शकतो, हे अनेकांना माहीत नसते. सरकारी केंद्रात निरोध मोफत मिळतो.

लघवीच्या जागी जखम, स्राव किंवा जळजळ असेल, तर समुपदेशक लैंगिक आजारांच्या उपचारासाठी पाठवतात. सरकारी रुग्णालयात यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असते. अशा जखमांतून एचआयव्हीला शिरायला सोपी वाट मिळते. मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊन आजार दबतो, पण जात नाही. उपचार जोडीदारालाही द्यावा लागतो, नाहीतर तोच आजार पुन्हा परत येतो.

कोणती पद्धत किती उपयोगी? अभ्यास काय सांगतात

पुण्यातील दोन गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते १९९७ दरम्यान एचआयव्ही नसलेल्या पुरुषांचा पाठपुरावा झाला. त्यांना पुन्हा पुन्हा बोलावून चाचणी आणि समुपदेशन दिले गेले. जे येत राहिले, त्यांचे देहविक्री करणाऱ्या महिलांकडे जाणे कालांतराने कमी झाले आणि निरोधचा वापर वाढला.

अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोजेक्ट रिस्पेक्ट’ अभ्यासात पाच दवाखान्यांतील ५,७५८ स्त्री-पुरुष होते. ज्यांना नुसती माहिती दिली, त्यांच्या तुलनेत ज्यांच्याशी स्वतःच्या धोक्याविषयी दोन छोट्या बैठकांत संवाद झाला, त्यांच्यात सहा महिन्यांनंतर नवे लैंगिक आजार सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले.

‘एक्सप्लोर’ हा २००४ चा अभ्यास खास पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांवर होता. अमेरिकेतील सहा शहरांतील ४,२९५ पुरुष त्यात होते. एका गटाला दहा वैयक्तिक बैठका आणि पुढे दर तीन महिन्यांनी भेट असे समुपदेशन दिले गेले. त्या गटात एचआयव्हीची लागण १८.२ टक्क्यांनी कमी दिसली, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. सुरुवातीच्या वर्ष-दीड वर्षात जो फायदा दिसत होता, तो नंतर ओसरला.

२०१३ च्या ‘अवेअर’ अभ्यासात ५,०१२ जण होते. चाचणीच्या वेळी एकदाच थोडक्यात समुपदेशन केल्याने पुढच्या सहा महिन्यांत लैंगिक आजार कमी झाले नाहीत.

हे सगळे एकत्र ठेवले, तर निष्कर्ष सरळ निघतो. एकदाच बोलून सोडून दिलेले समुपदेशन फारसे टिकत नाही. माणसाच्या स्वतःच्या परिस्थितीवर बेतलेले आणि पाठपुरावा असलेले समुपदेशन वागणूक बदलू शकते, पण त्यालाही उपचार, निरोध आणि जोडीदाराची तपासणी यांची जोड लागते.

जोडप्याचे समुपदेशन

रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यावर पुरुषाचा पहिला प्रश्न बहुधा ‘घरी कसं सांगू?’ हाच असतो. समुपदेशक त्याला सांगण्याची तयारी करून देतात. कधी, कुठे आणि कोणत्या शब्दांत सांगायचे याचा सराव करून घेतात. त्याला हवे असेल, तर दोघांना एकत्र बसवून समुपदेशकाच्या समोरच ही गोष्ट सांगता येते. यात ‘कोणी आणलं’ याचा निवाडा केला जात नाही. आता दोघांची आणि मुलांची तपासणी कशी करायची, यावर बोलणे ठेवले जाते.

एक निगेटिव्ह आणि एक पॉझिटिव्ह अशी जोडपी पुष्कळ असतात. त्यांना मूल हवे असेल, तरी मार्ग निघतो. पॉझिटिव्ह जोडीदाराने गोळ्या नियमित घेतल्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळ ठरवली, तर निगेटिव्ह बाळ होऊ शकते.

सगळ्या पुरुषांना एकच साचा चालत नाही

ट्रकचालक आणि क्लीनर यांना दिवसा रुग्णालयात यायला वेळ नसतो. त्यांच्यासाठी महामार्गावरच्या थांब्यांवर आरोग्य तपासणी आणि समुपदेशन ठेवले जाते. तिथे त्यांच्यातलाच एखादा जुना चालक बोलला, तर ते जास्त पटते. याला सहकारी समुपदेशन म्हणतात.

स्थलांतरित मजुरांच्या बाबतीत वेळ गाठणे महत्त्वाचे ठरते. गावी ते दिवाळी, जत्रा आणि लग्नसराईत येतात. शिबिर त्याच दिवसांत घेतले, तर उपयोग. ऊसतोड कामगारांत बहुतेकदा नवरा-बायको जोडीने कोयत्यावर जातात आणि गाव सहा महिने सुटते. त्यांच्यात आधीच औषध चालू असलेल्यांची खरी अडचण गोळ्या खंडित होण्याची असते. टोळी निघण्याआधी केंद्रात सांगितल्यास जादा दिवसांच्या गोळ्या किंवा कारखान्याजवळच्या केंद्रातून औषध मिळण्याची व्यवस्था करता येते. मुकादमाला कारण सांगण्याची गरज नसते.

पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष गावातही असतात आणि त्यांच्यातील बरेच विवाहित असतात. बोभाटा होईल या भीतीने ते कोणत्याच केंद्रात जात नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिलेल्या निकालानंतर प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिलेले नाहीत. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून या पुरुषांसाठी काम करते. गुदमार्गे संबंधात संसर्गाचा धोका जास्त असतो. तिथे निरोधसोबत पाण्यावर आधारित वंगण वापरणे गरजेचे असते. हे स्पष्ट शब्दांत सांगणारा समुपदेशक भेटला, तरच समुपदेशन पूर्ण झाले म्हणायचे.

इंजेक्शनने नशा करणाऱ्यांशी बोलताना सुईची देवाणघेवाण थांबवणे हा पहिला मुद्दा असतो. नशा सोडण्याचा विषय त्यानंतर येतो.

गोळी घेणे हाही प्रतिबंधच

भारतात मोफत एआरटी उपचार १ एप्रिल २००४ पासून सुरू झाले. २०१७ पासून रिपोर्ट पॉझिटिव्ह येताच, सीडी-४ चा आकडा कितीही असो, औषध सुरू करण्याचे धोरण आहे. आता बहुतेकांना तीन औषधे एकत्र असलेली रोजची एकच गोळी पुरते.

ही गोळी घेणाऱ्याच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण, म्हणजेच व्हायरल लोड, कमी होत जाते. ते चाचणीत सापडेनासे झाले आणि तसेच टिकले, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला एचआयव्हीची लागण होत नाही. भारतासह नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाने २०११ मध्ये उपचाराचा हा परिणाम प्रथम ठामपणे दाखवला. त्या अभ्यासात पुण्याचे केंद्रही सहभागी होते. पुढे युरोपातील ७८२ पुरुष जोडप्यांच्या २०१९ च्या अभ्यासात, व्हायरल लोड दबलेला असताना जोडीदाराकडून लागण झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही.

मात्र ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी सोडली, की व्हायरल लोड पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद न देणारा विषाणू तयार होऊ शकतो. म्हणून समुपदेशक गोळीची वेळ रोजच्या सवयीशी जोडायला सांगतात : रात्रीचे जेवण, बातम्या किंवा मोबाइलचा गजर. दारू पिणाऱ्याला ‘आज प्यायलो, म्हणून गोळी नको’ असे करू नका, असे आवर्जून सांगावे लागते. इतर लैंगिक आजार या गोळीने रोखले जात नाहीत, त्यामुळे निरोधची गरज राहतेच.

निगेटिव्ह पण जास्त धोका असलेल्या व्यक्तीसाठी ‘प्रेप’ नावाची आधी घ्यायची प्रतिबंधक गोळी असते. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची. सरकारी केंद्रात ती सगळीकडे मिळतेच असे नाही. सुई टोचणे किंवा लैंगिक अत्याचार यांसारखी घटना घडली असेल, तर ७२ तासांच्या आत ‘पेप’ औषध सुरू करावे लागते. ते जितके लवकर घ्याल तितके चांगले आणि २८ दिवस पूर्ण करायचे असते. कोणाला द्यायचे हे डॉक्टर ठरवतात, पण त्यासाठी वेळेत रुग्णालय गाठायला हवे.

‘गावात कळलं तर?’

केंद्रापासून पुरुषांना लांब ठेवणारे सर्वांत मोठे कारण हेच. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि कोणाचा रिपोर्ट त्याच्या संमतीशिवाय तिसऱ्याला सांगता येत नाही. न्यायालयाचा आदेश यांसारखे मोजके अपवाद कायद्यात दिले आहेत. नोकरी, शिक्षण, उपचार किंवा भाड्याचे घर एचआयव्हीच्या कारणावरून नाकारणे हा भेदभाव ठरतो.

याच कायद्याने जबाबदारीही दिली आहे. आपला रिपोर्ट माहीत असलेल्या आणि समुपदेशन मिळालेल्या व्यक्तीने दुसऱ्याला लागण होऊ नये यासाठी वाजवी काळजी घ्यायची आहे. पुरुष समजावूनही पत्नीला सांगत नसेल आणि तिला मोठा धोका असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक त्याला पूर्वकल्पना देऊन तिला सांगू शकतात. तेही प्रत्यक्ष भेटून आणि समुपदेशन करून. म्हणजे गुप्तता गावापासून आहे. धोक्यात असलेल्या जोडीदाराला अंधारात ठेवण्यासाठी तिचा आधार घेता येत नाही.

ओळखीचे कोणी भेटेल अशी धास्ती असेल, तर दुसऱ्या तालुक्यातील केंद्रात चाचणी करून घेता येते.

केंद्रात जाण्याआधी एवढे लक्षात ठेवा

• जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत चाचणी आणि समुपदेशन मोफत आहे.

• उपाशीपोटी जाण्याची गरज नाही. चिठ्ठी नसली तरी चालते.

• शेवटचा धोक्याचा प्रसंग कधी घडला, हे समुपदेशकाला सांगा. पुन्हा चाचणी कधी करायची, हे त्यावरच ठरते.

• पत्नी गरोदर असेल, तर तिच्यासोबत स्वतःचीही चाचणी करून घ्या.

• टीबी किंवा लैंगिक आजाराचे निदान झाले असेल, तर एचआयव्ही चाचणी टाळू नका.

• रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर एआरटी केंद्रात नाव नोंदवूनच घरी परता. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हटले, की बरेच जण तिथेच गळतात.

• आधी नुसते बोलायचे असेल, तर नाकोच्या १०९७ या मोफत हेल्पलाइनवर नाव न सांगताही विचारता येते.